ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात



मागच्या महिन्यात आमच्या घरी एक पाहुणा आला. धाकटा त्याच्या मित्राच्या वाढदिवसाला गेला होता. परत आला तेव्हा हातात प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी, त्यात पाणी, आणि पाण्यात बोटाएवढा केशरी मासा. रिटर्न गिफ्ट! प्रत्येक मुलाला एकेक गोल्डफिश, सोबत काचेचा छोटा गोल वाडगा आणि खाद्याची पुडी.

सूर्य मावळायला अर्धा तास होता आणि माझी जेवणाची घाई चालली होती. पोळी तव्यावर, भाजी गॅसवर आणि हा दारातूनच ओरडतोय, “आई, याचं नाव काय ठेवायचं?”

देवघरातून सासूबाई उठून आल्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “सूनबाई, आता या जिवाचं काय करायचं?”

त्या रात्री घरात तीन पक्ष झाले. हे म्हणाले, सकाळी दुकानात परत देऊन येऊ. सासूबाई म्हणाल्या, परत दिला तर तो पुन्हा विकलाच जाणार. त्यापेक्षा फुटाळ्यात सोडून द्या, बिचारा मोकळा होईल. धाकट्याचं म्हणणं तुम्हाला माहीतच आहे. डोळ्यात पाणी आणून तो वाडगा पोटाशी धरून बसला.

मी कोणत्याच पक्षात नव्हते. मला माझी आजी आठवत होती, आणि तिच्यासोबत पाहिलेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय.

मी तेव्हा चौथीत होते. दिवाळीच्या सुट्टीत आजी, आई, बाबा आणि आम्ही दोघी बहिणी रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. उतरलो सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची मुंबई तिथूनच सुरू झाली आहे. दानवीर माणिकचंद शेठजींनी वडिलांच्या नावानं बांधलेली ही धर्मशाळा. दर्शन तिथंच, शुद्ध जेवण तिथंच, आणि समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. इतवारीच्या वाड्यात वाढलेल्या आम्हा मुलींना समुद्र म्हणजे केवढं अप्रूप! आम्ही तोवर पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे अंबाझरी.

चर्नी रोड स्टेशनचा पूल ओलांडून मरीन ड्राईव्हवर आलो की तारापोरवाला मत्स्यालय. पुढं रस्ता, रस्त्यापलीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे अरबी समुद्र. बाबांनी तिकिटं काढली. आत अंधार होता आणि भिंतीत बसवलेल्या टाक्यांमधून हिरवा-निळा उजेड येत होता. समुद्री कासवं होती, चपटे पंख हलवत जाणारे पाकट मासे होते, दगडातून तोंड काढून बसलेली वाम होती. आम्ही बहिणी काचेला नाक लावून एका टाकीवरून दुसरीवर पळत होतो. कासव दिसल्यावर मी ओरडले, “आजी, मुनिसुव्रतनाथ!” पाठशाळेत चोवीस तीर्थंकरांची चिन्हं नुकतीच पाठ झाली होती. मग माशासमोर अरनाथ. शंख दिसला की नेमिनाथ. आजूबाजूचे लोक बघायला लागले तेव्हा आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं.

आजी मात्र पुढं सरकेना. ती कासवाच्या टाकीसमोर उभीच राहिली. कासव काचेपाशी यायचं, वळायचं, मागच्या भिंतीपर्यंत जायचं, पुन्हा काचेपाशी यायचं. आजीनं तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, “भाऊ, हे पाणी कुठचं?”

तो म्हणाला, “समोरच्या समुद्राचंच आजी. गोड्या पाण्यात हे जगत नाहीत.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग आमच्या वऱ्हाडीत म्हणाली, “पाणी समोरून येते न, मंग हा जीव समोर काहून नाही जात?”

तो हसला. आम्हीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

या मत्स्यालयाबद्दल मी मोठेपणी वाचलं. ते १९५१ साली उभं राहिलं आणि उद्घाटन केलं आपले पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी. बांधायला साधारण आठ लाख रुपये लागले आणि त्यातले दोन लाख तारापोरवाला नावाच्या पारशी दानशूर गृहस्थांनी दिले, म्हणून हे नाव. त्या काळचे दोन लाख! चालवायची जबाबदारी राज्य सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. म्हणजे जे खातं मासेमारी वाढवायची काळजी घेतं, तेच खातं या माशांना जगवायची काळजी घेत होतं. तेव्हा हे मला विचित्र वाटलं. पण नंतर विचार केला, समुद्रातला मासा कसा जगतो, काय खातो, कोणत्या पाण्यात तग धरतो, हे त्यांनाच तर माहीत असणार.

मासे काचेत ठेवून लोकांना दाखवायची ही रीत तशी फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्याआधी समुद्राच्या आत काय चाललंय हे बंदरावरच्या लोकांनासुद्धा ठाऊक नव्हतं. मासा दिसायचा तो जाळ्यात नाहीतर बाजारात, मेलेला. आपल्याकडे मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय झालं. ही घरं समुद्राकाठी बांधायची कारण त्यांना सतत समुद्राचं पाणी लागतं. ते आत घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, गाळायचं, त्यात हवा सोडायची, मग टाकीत. पाणी गाळल्याशिवाय तिथंही चालत नाही!

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जिवंत मासा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो तिथं. त्याचे कल्ले उघडतात-मिटतात, त्याला डोळे आहेत, तो घाबरला की दगडामागे लपतो. मासे खाणाऱ्या घरांतली मुलंही तिथं काचेला नाक लावून उभी होती. पाच इंद्रियांचा जीव म्हणजे काय हे पाठशाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, पण दिसलं मला त्या काचेपलीकडे. त्या उपकाराला मी नाही म्हणणार नाही.

बाहेर आल्यावर आम्ही कठड्यावर बसलो. समोर भरतीचा समुद्र, मागे मत्स्यालय. तिथं आजीनं मृगसेन धीवराची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी कित्येकींनी ती ऐकली असेल. मृगसेन कोळी होता, जाळं हेच त्याचं पोट. मुनिराजांनी त्याला मासेमारी सोड असं नाही म्हटलं. एवढंच व्रत दिलं की जाळ्यात जो पहिला मासा येईल त्याला सोडून दे. त्यानं पहिल्या माशाला खूण म्हणून चिंधी बांधली आणि पाण्यात सोडलं. पुन्हा जाळं टाकलं, तर तोच मासा. पुन्हा सोडला. असं पाच वेळा झालं. शेवटी रिकाम्या हातानं घरी गेला, बायकोनं दार उघडलं नाही, रात्री बाहेर झोपला आणि साप चावून गेला. पण पुढच्या जन्मी पाच वेळा मरणाच्या दारातून परत आला, कारण एका माशाला त्यानं पाच वेळा जीवदान दिलं होतं.

मी विचारलं, “आजी, त्यानं मासा घरी नेऊन पाळला असता तर?”

आजी म्हणाली, “मंग ते सोडणं झालं असतं का बाई?”

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१५ साली मत्स्यालय नवं करून पुन्हा उघडलं, तेव्हा मी मोठ्या लेकीला घेऊन गेले. आता आत काचेसारख्या पारदर्शक अॅक्रिलिकचा अर्धगोल बोगदा होता, बारा फुटांचा. डोक्यावरून मासे जात होते. लेक हरखून गेली. मीही. पण माझे डोळे कासवासारखे एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायला लागले. पुढं कोरोना आला. २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली, आणि नंतर ती जुनी इमारतच धोकादायक ठरली. माणसांसाठी दार बंद करायला एक कुलूप पुरतं. पण टाकीतल्या माशाला त्या दिवशीही भूक लागतेच, त्याचं पाणी त्या दिवशीही स्वच्छ करावंच लागतं.

आता परत आमच्या वाडग्याकडे येते.

दुसऱ्या दिवशी मासा पाण्याच्या वरच्या बाजूला येऊन तोंड उघडमीट करत होता. धाकट्याला वाटलं भूक लागली, त्यानं अर्धी पुडी ओतली. मी माहिती शोधायला बसले आणि घाबरलेच. त्या वाडग्यात मासा फार दिवस जगूच शकत नाही. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, आणि एवढ्याशा पाण्यात त्याचं विष होतं. मोठ्या टाकीत, गाळणीच्या स्पंजावर, डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. ते त्या अमोनियाचं कमी घातक रूप करतात. त्यांना वाढायला काही आठवडे लागतात. म्हणजे त्या एका दिसणाऱ्या जिवाला असंख्य न दिसणारे जीव सांभाळत असतात. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा वर्षंही जगतो आणि हाताएवढा होतो. वाडग्यात ठेवला तर काही दिवसांत जातो, आणि आपण म्हणतो, “नाजूकच असतात हे मासे.”

आपल्याकडे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: जिवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव कापणं, जास्त ओझं लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. लहानपणी वाटायचं, हे गाय-बैलवाल्यांसाठी आहे, आपला काय संबंध? त्या दिवशी कळलं की पहिला आणि शेवटचा असे दोन अतिचार माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका वाडग्यात भरून ठेवलेले आहेत. वाढदिवसाच्या मौजेत कोणीतरी वीस-पंचवीस जीव असे वाटून टाकले. त्या माऊलीच्या मनात काहीच वाईट नव्हतं. माझ्याही मनात मत्स्यालय पाहताना काही वाईट नव्हतंच.

म्हणून तंदुल मत्स्याची गोष्ट मला फार खोल वाटते. महाकाय मत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा. मोठ्या माशाच्या तोंडातून कितीतरी जीव सुखरूप बाहेर पडताना तो पाहतो आणि मनात म्हणतो, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. हातून एकही जीव मेला नाही, पण नुसत्या भावानं नरकात गेला. भाव वाईट असेल तर कृती न करताही पाप. आता मी उलटं विचारते: भाव चांगला आहे, पण हातून जीव जातोय, तर नुसत्या चांगल्या भावावर आपण निवांत झोपायचं का? आपला धर्म तर प्रमादालाही दोष म्हणतो. माहीत करून न घेणं हाही प्रमादच की.

सासूबाई मात्र फुटाळ्यावर ठाम होत्या. “मोकळ्या पाण्यात सोडलं की पुण्यच आहे.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, “आई, तुमच्या माहेरी विहिरीचं पाणी गाळल्यावर जिवाणी कुठं सोडायचे?”

नव्या मुलींसाठी सांगते. पूर्वी आपल्या घरी पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळायचे. गाळून झालं की गाळण्यात जे बारीक जीव अडकतात ते फेकायचे नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं गाळणं हळूच धुऊन ते पाणी परत विहिरीत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. तेही वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागेल. बादलीच्या तळाला कडी असायची; बादली पाण्यापर्यंत नेऊन तिथं अलगद उलटी करायची. आणि नियम एकच: ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. नदीची विहिरीत नाही, या विहिरीची त्या विहिरीत नाही. कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात मरतो, किंवा दुसऱ्यांना मारतो.

सासूबाई हे सगळं मला सांगायला लागल्या आणि सांगता सांगता मध्येच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “याचं पाणी कोणतं गं?”

तोच तर प्रश्न होता. गोल्डफिश मूळचा चीनचा, कार्प माशापासून माणसानं पिढ्यान्पिढ्या निवडून तयार केलेला. हा कुठल्यातरी हौदात जन्मला असणार. त्याला परत जायला पाणीच नाही. फुटाळ्यात सोडला तर केशरी रंगामुळे पक्ष्याच्या नजरेत भरेल. किंवा जगलाच, तर तळ उकरून गढूळ करेल, इथल्या माशांची अंडी खाईल, आणि आपण सोडलेला एक जीव शेकडो जिवांवर उठेल. बाहेरचा मासा आपल्या पाण्यात काय करतो ते थाई मांगूरमुळे सगळ्यांनी पाहिलं आहे. २००० साली केंद्र सरकारला त्यावर बंदीच घालावी लागली. पर्वात पुण्य म्हणून बाजारातून मासे विकत घेऊन तलावात सोडणाऱ्या बहिणींनाही मी हे हात जोडून सांगते. आपल्या पूर्वजांनी जिवाणीचा नियम केला तो उगाच नाही.

शेवटी ठरलं, हा जीव दारात आलाच आहे, तर आता तो शेवटपर्यंत आमचा. साठ लिटरची टाकी आणली, गाळणी लावली. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडू द्यायचं, आणि थोडं थोडं करून बदलायचं.

खाण्याचा प्रश्न उरला होता. पुडीवर बारीक अक्षरात घटक वाचले तर पहिलाच घटक माशांची भुकटी! माशाला मासा. सासूबाईंनी ती पुडी घराबाहेर ठेवली. मग समुद्री शैवालाचं खाद्य सापडलं, तर त्या म्हणाल्या, “शेवाळ अनंतकाय, ते कसं चालेल?” आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागलो, पण हसण्यासारखं नव्हतं ते. एका जिवाला बांधून ठेवलं की त्याच्यासाठी किती जिवांचा हिशेब आपल्या माथी येतो, हे आम्हाला त्या दोन पुड्यांनी शिकवलं. आता उकडलेले, सोललेले मटार, थोडी काकडी आणि गव्हाच्या पिठाचं तयार खाद्य असं चाललंय. त्यात पूर्ण निर्दोष असं काही नाही, ते मला मान्य आहे. निर्दोष वाट एकच होती: तो मासा त्या पिशवीत भरलाच न जाणं. ती वेळ आमच्या हातात नव्हती. पुढची मात्र आहे.

म्हणून धाकट्याशी करार केला आहे. याला जोडीदार आणायचा नाही, दुसरा मासा घ्यायचा नाही. त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाला आम्ही मुलांना तुळशीची रोपं दिली. वाढदिवसाच्या त्या घरीही मी फोन केला, दोष द्यायला नाही, टाकी कशी लावायची ते सांगायला. त्या म्हणाल्या, बाकीच्यांपैकी बरेच मासे आठवड्यातच गेले. फोनवर आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही.

परवा धाकट्यानं विचारलं, “आई, आपण मुंबईचं मत्स्यालय बघायला जायचं का?” मी सांगितलं, ते आता बंद आहे, पण मुंबईला नेईन, त्याच कठड्यावर बसवेन आणि पणजीआजीचा प्रश्न सांगेन. समुद्राचं पाणी, त्यातला जीव आणि मध्ये माणसानं घातलेली काच. त्याला जे उत्तर सुचेल ते ऐकायची मला इच्छा आहे.

आणि सासूबाई? रोज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आपलं पाणी घेऊन झालं की त्या टाकीपाशी येतात. तो त्यांची साडी ओळखतो, लगेच काचेपाशी येतो. मग त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून मला विचारतात, “सूनबाई, याचं खाणं झालं का? दिवस मावळला की मग नाही द्यायचं हो.”

आमच्या घरात आता रात्रीभोजनत्याग करणारे पाच जण आहेत.

जय जिनेंद्र.